दप्तर आणि कैफियत

१९६८ सालच्या शरद ऋतूत, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहरापासून सुमारे ११ मैलांवर असलेल्या स्वॉर्थमोर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी वेगळे काढून ठेवलेले ग्रंथ ज्या फळीवर असत त्या फळीवर, एक अहवाल ठेवण्यात आला. अहवाल प्रवेशविभागाच्या दप्तरातून सिद्ध झालेला होता आणि त्याचा विषय होता महाविद्यालयातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रवेश. त्यांचे परीक्षेतील गुण किती, त्यांच्या घरची प्राप्ती किती, असा तपशील त्यात होता. नाव मात्र कोणाचेही दिलेले नव्हते. आणि नावे गाळली म्हणजे सौजन्याची मर्यादा पाळली गेली, असे तो लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना अगदी प्रामाणिकपणे वाटले असावे. परंतु जेथे सुमारे एक हजार विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांची संख्या चाळीस-पन्नासांच्या पुढे जात नव्हती, तेथे नाव गाळल्याने माणूस झाकला जात नाही. अमुक मिळकतीचे घर कोणाचे आणि तमुक गुण कोणाचे, हे शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कोणालाही बोटांवर मोजून सांगता आले असते. ज्या ग्रंथालयात ही मुले संध्याकाळी अभ्यासाला बसत, त्याच ग्रंथालयात त्यांचे सहाध्यायी त्यांच्या घरची गरिबी एखाद्या क्रमिक पुस्तकासारखी उघडून वाचू शकत होते. अहवाल तेथून काढावा, ही त्या मुलांची मागणी सहजासहजी मान्य झाली नाही. आणि त्या एका फळीवरून जो मामला सुरू झाला, तो तीन महिन्यांच्या आत महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीपर्यंत, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांपर्यंत आणि एका सज्जन माणसाच्या मृत्यूपर्यंत जाऊन पोहोचला.

बहुसंख्य गोऱ्यांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे अनुभव आणि त्यांनी उभारलेल्या चळवळी हा पुढील पानांचा विषय आहे. ह्या विषयाचा परिचय करून देताना लेखक सहसा बंदुकीच्या छायाचित्रापासून आरंभ करतात; ते छायाचित्र कोठले, हे यथावकाश येईलच. मला मात्र ह्या कागदापासून आरंभ करावासा वाटतो, कारण ह्या साऱ्या इतिहासाचे मर्म माझ्या समजुतीप्रमाणे त्या कागदातच आहे. कोणी कोणाविषयी लिहायचे, कोणाच्या नोंदी कोणाच्या कपाटात राहायच्या आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला त्या लिखाणात बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा तो प्रश्न होय. आपल्या जुन्या राज्यव्यवहारात दप्तर आणि कैफियत असे दोन शब्द आहेत. दप्तर सरकारचे असते. कैफियत, ज्याच्यावर काही गुदरले आहे, त्याच्या तोंडची असते. स्वॉर्थमोरच्या मुलांनी दप्तराला कैफियतीने उत्तर दिले, एवढ्या एका वाक्यात ही हकीकत सांगून टाकता येईल. परंतु त्या वाक्याचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली आणि फिस्क, हॉवर्ड, मोरहाउस ह्यांसारखी कृष्णवर्णीयांची स्वतंत्र विद्यालये पाठोपाठ निघाली. पुढे जवळजवळ शतकभर ह्या समाजातील डॉक्टर, वकील, शिक्षक आणि धर्मोपदेशक मुख्यतः ह्याच विद्यालयांतून तयार झाले. गोऱ्यांच्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीय विद्यार्थी अगदीच नव्हते असे नाही. ओहायो राज्यातील ओबर्लिनने १८३५ सालीच त्यांना आपली दारे उघडली होती आणि विल्यम एडवर्ड बर्गहार्ड ड्यू बॉइस ह्यांनी १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर होण्याचा मान संपादन केला होता. परंतु अशी माणसे एकेकटी असत, आणि एकट्या माणसाचे कौतुक करणे कोणत्याही संस्थेला फारसे जड जात नाही. त्याच्या बुद्धीचा गौरव करावा, त्याला व्याख्यानास बसू द्यावे, पारितोषिके द्यावीत, आणि घरी जेवायला मात्र बोलावू नये, असा तो शिरस्ता होता. ड्यू बॉइस ह्यांनी हार्वर्डमधील आपल्या दिवसांविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यावरून त्या संस्थेत आपण राहिलो खरे, पण तिचे कधी झालो नाही, हीच जाणीव त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली असे दिसते.

स्वॉर्थमोरची गोष्ट ह्याहूनही बोधप्रद आहे, कारण ही संस्था वाईट माणसांनी स्थापिलेली नव्हती. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, क्वेकर पंथाच्या लोकांनी ती स्थापन केली. प्रत्येक मनुष्याच्या ठायी ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, असे मानणारा हा पंथ. युद्ध निषिद्ध मानणारा, प्रार्थनेला जमले म्हणजे मूक बसणारा, आणि सभेत मतमोजणी न करता सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबणारा. संस्थापकांमध्ये गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजलेल्या ल्युक्रेशिया मॉट होत्या. मुलगे आणि मुली ह्यांनी एकत्र शिकावे, हे त्या काळी धाडसाचे वाटणारे तत्त्व ह्या महाविद्यालयाने पहिल्या दिवसापासून पाळले. अशा ह्या महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत प्रवेश मिळवू शकले नाहीत. गुलामाला मुक्त करण्यासाठी ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्याच वारसांना त्या मुक्त माणसाचा नातू आपल्या मुलाच्या बाकावर बसलेला पाहणे पाऊणशे वर्षे जमले नाही. दया आणि समता ह्या सख्ख्या बहिणी आहेत, असा आपला समज असतो. इतिहास पाहता त्या एकमेकींच्या शेजारी बरीच वर्षे अबोला धरून राहू शकतात.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानातील केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या टेबलाशी बसले आणि उठेनात. त्यातून विद्यार्थ्यांचे एक नवे युग सुरू झाले. स्वॉर्थमोरच्या गोऱ्या विद्यार्थ्यांवरही ह्या वाऱ्याचा परिणाम झाला. १९६३ च्या नोव्हेंबरात जवळच्या चेस्टर गावातील कृष्णवर्णीयांच्या शाळेची दैना पाहून ते स्थानिक नागरिकांबरोबर रस्त्यावर उतरले आणि त्यांतील कित्येकांनी तुरुंगही पाहिला. १९६४ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने काही निवडक महाविद्यालयांना अल्पसंख्याक विद्यार्थी आणण्यासाठी अनुदान दिले, त्यांत स्वॉर्थमोर होते. अशा रीतीने पुढील तीन-चार वर्षांत जी मुले आली, ती पूर्वीसारखी एकेकटी नव्हती. संख्या अजून लहानच होती, पण आता एका मेजाभोवती जेवायला बसता येईल इतकी झाली होती. आणि ह्या मेजाला पुढील इतिहासात मोठे स्थान आहे.

त्या मेजाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कोणत्याही घोषणेपेक्षा ते अधिक बोलके आहे. दहा-बारा कृष्णवर्णीय मुलेमुली भोजनगृहात एकत्र बसली की, ही मुले आमच्यापासून अलग का बसतात, असा प्रश्न गोऱ्या सहाध्यायांना पडे, आणि तो बहुधा मनापासून, किंचित दुखावल्या स्वरात विचारला जाई. त्याच भोजनगृहात शेजारची पन्नास मेजे केवळ गोऱ्यांची आहेत, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नसे. कारण जे सर्वत्र असते ते दिसत नाही. दिवसभर वर्गात एकटे असणे म्हणजे काय, हे ज्याला भोगावे लागले नाही त्याला त्या मेजाचा अर्थ कळणे कठीण होते. एखाद्या कादंबरीत कृष्णवर्णीय पात्र आले की सगळ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळाव्यात. ज्या देशाच्या इतिहासाचा अभ्यास करायचा त्या इतिहासाच्या पुस्तकात आपले पूर्वज गुलामगिरीच्या एका प्रकरणात यावेत आणि तेथेच संपावेत. शिकवणाऱ्यांत आपल्या वर्णाचा माणूस शोधूनही सापडू नये, आणि आपल्या वर्णाची जी माणसे ह्या इमारतींत रोज दिसतात ती स्वयंपाकघरात नाहीतर झाडलोटीच्या कामावर असावीत. ह्या कामकरी स्त्रीपुरुषांना त्या मुलांचा अभिमान वाटे आणि मुलांना त्यांचा आधार वाटे. दोघांमध्ये जे न बोलता चाले, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होणे शक्य नव्हते.

याच सुमारास एक शब्दही बदलत होता. ज्या शब्दाने हा समाज स्वतःला आदराने संबोधीत आला होता, तो ‘निग्रो’ हा शब्द तरुण पिढीने खाली ठेवला आणि जो शब्द आजवर शिवीसारखा अंगावर येत असे, तो ‘ब्लॅक’ हा शब्द मानाने उचलला. आपल्याकडे डॉ. जनार्दन वाघमारे ह्यांनी ह्या विषयावर मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘अमेरिकन निग्रो’ असाच प्रयोग आहे, आणि त्या काळाच्या मराठी व्यवहारात तो रूढच होता. आज आपण ‘कृष्णवर्णीय’ म्हणतो. कोणी ह्याला शब्दांचा खेळ म्हणेल. परंतु आपण स्वतःला काय म्हणावे हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढा त्यातला आशय ओळखायला महाराष्ट्रातील वाचकाला वेळ लागण्याचे कारण नाही. ‘हरिजन’ ह्या शब्दापासून ‘दलित’ ह्या शब्दापर्यंतचा प्रवास त्याने पाहिलेला आहे. स्वॉर्थमोरच्या मुलांनी आपली जी संघटना काढली तिचे नाव त्यांनी ‘आफ्रो-अमेरिकन विद्यार्थी संघटना’ असे ठेवले.

अहवालाच्या प्रकरणानंतर ह्या संघटनेने जे मागितले, ते आज वाचताना आश्चर्य वाटते, इतके ते मर्यादित आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या वाढवावी. गुणपत्रिकेच्या ठरावीक मापात न बसणाऱ्या परंतु कुवत असलेल्या मुलांनाही घ्यावे आणि घेतल्यावर त्यांना आधार द्यावा. प्रवेशविभागात आणि प्रशासनात कृष्णवर्णीय अधिकारी नेमावेत. आणि आमच्याविषयीचे धोरण ठरवताना आम्हाला विचारावे. १९६८ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, अध्यक्षांना पत्र गेले. उत्तर समाधानकारक आले नाही. ९ जानेवारी १९६९, गुरुवार, ह्या दिवशी दुपारच्या सुमारास विद्यार्थी पॅरिश हॉल ह्या मुख्य इमारतीतील प्रवेशविभागाच्या कचेरीत गेले, तेथील कर्मचाऱ्यांना त्यांनी बाहेर जाण्यास सांगितले आणि आतून कड्या लावून घेतल्या.

कब्जा घेण्यासाठी त्यांनी हीच कचेरी का निवडली, हे विचार करण्याजोगे आहे. महाविद्यालयात अध्यक्षांचे दालन होते, सभागृह होते. परंतु ज्या दप्तरातून त्यांच्याविषयीचा कागद निघाला होता, ते दप्तर ह्या खोल्यांत होते. येथे अर्ज येत, येथे माणसाचे आकड्यांत रूपांतर होई आणि येथेच कोणी आत यावे व कोणी बाहेर राहावे ह्याचा निवाडा होई. आठ दिवस ती मुले तेथे राहिली. जमिनीवर झोपत, पाळीपाळीने पहारा करीत, पुस्तके सोबत नेली होती ती वाचीत, कारण सत्राच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. आणि ज्यांना अभ्यास झेपेल की नाही ही शंका दप्तराने नोंदवली होती, ती मुले त्याच दप्तराच्या टेबलांवर अभ्यास करीत बसली होती. बाहेर प्राध्यापकांच्या सभा दिवसामागून दिवस चालल्या. क्वेकर वळणाची ती संस्था. तेथे पोलीस बोलावण्याचा विचार सहज सुचणारा नव्हता. मसुदे झाले, दुरुस्त्या झाल्या, काही मागण्यांना अनुकूल ठरावही झाले. मतभेद मिटण्याच्या मार्गावर आहेत असे वाटू लागले होते.

१६ जानेवारीच्या सकाळी अध्यक्ष कोर्टनी स्मिथ हे आपल्या कचेरीत हृदयविकाराच्या झटक्याने निधन पावले. ते ५२ वर्षांचे होते. १९५३ पासून त्यांनी हे महाविद्यालय सांभाळले होते. बौद्धिक स्वातंत्र्यावर त्यांची निष्ठा होती, आणि पद सोडण्याचा आपला निर्णय त्यांनी आदल्या वर्षीच जाहीर केलेला होता. वार्ता कळताच विद्यार्थ्यांनी शोक व्यक्त केला आणि ती कचेरी रिकामी केली. परंतु त्यांची कैफियत लोकांनी ऐकण्यापूर्वीच तिच्यावर एक प्रेत येऊन पडले होते. त्यांनीच अध्यक्षांना मारले, असे उघड बोलले गेले. शिव्याशापांची पत्रे आली. आणि वीस-एकवीस वर्षांच्या त्या मुलांना एका मृत्यूचे ओझे पुढे कित्येक वर्षे मुकाट्याने वाहावे लागले. स्मिथ ह्यांच्याविषयी मला आदर वाटतो आणि त्यांच्या मृत्यूचे दुःख मी लहान मानीत नाही. तरीही न्यायबुद्धीने पाहता एवढे म्हटलेच पाहिजे की, एका माणसाचे हृदय बंद पडले ह्यामुळे शेकडो वर्षांची तकरार खोटी ठरत नाही. आणि ती तकरार खरी होती ह्यामुळे त्या माणसाचा सज्जनपणाही खोटा ठरत नाही. शोकांतिकेत दोन्ही बाजूंना काही तरी सत्य असते, असे जे म्हणतात, ते ह्या प्रसंगी तंतोतंत लागू आहे.

ह्याच काळात असे प्रसंग देशभर घडत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली आणि शांततेने वाट पाहण्यावरचा तरुणांचा विश्वास त्या गोळीने मारला. पुढील महिन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी खजिनदाराची कचेरी ताब्यात घेतली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात नोव्हेंबरात सुरू झालेला संप पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत चालला. स्वॉर्थमोरच्या कब्ज्याच्या आदल्याच दिवशी ब्रँडाइस विद्यापीठात फोर्ड हॉलचा कब्जा घेण्यात आला होता. आणि एप्रिल १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या वसतिगृहासमोर रात्री कोणी तरी दहशतीची खूण म्हणून क्रूस पेटवून ठेवल्यानंतर, विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली. गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक जमाव तो कब्जा मोडण्यासाठी आत घुसला, तेव्हा आतल्यांनी स्वसंरक्षणार्थ बंदुका मागवल्या. दुसऱ्या दिवशी करार होऊन बंदुकांसह बाहेर पडणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र स्टीव्ह स्टार ह्यांनी टिपले व त्याला १९७० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आरंभी ज्याचा उल्लेख केला ते छायाचित्र हेच. ते खरे आहे, पण अपुरे आहे. बंदूक त्यात दिसते, क्रूस दिसत नाही.

ह्या चळवळींवर घेतलेले आक्षेप सगळेच पूर्वग्रहातून आलेले नव्हते, हे मान्य करणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. कॉर्नेलमधील काही नामवंत प्राध्यापकांनी, बंदुकीच्या छायेत विद्यापीठाने निर्णय फिरवला ह्या कारणासाठी, ती संस्था सोडली. आणि विद्यापीठात युक्तिवादाखेरीज दुसरे कोणतेही बळ चालू देऊ नये, हे त्यांचे तत्त्व क्षुद्र नव्हते. परंतु युक्तिवाद ऐकून घेणारा कोणी असेल तर तो चालतो. अर्ज दिला, पत्र दिले, सभेत उभे राहून सांगितले आणि तरीही फळीवरचा कागद हलला नाही, तर त्या मुलांनी पुढे काय करावे, ह्याचे उत्तर त्या तत्त्वात सापडत नाही. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. त्यावर अनुभवाचेच उत्तर पुरे आहे: ज्या विषयांना तेव्हा विद्येचा दर्जा द्यायला लोक तयार नव्हते, ते कृष्णवर्णीयांच्या इतिहास-वाङ्मयाचे अध्ययन आज अमेरिकेतील विद्यापीठांत प्रस्थापित झालेले आहे, आणि त्याचे बीज ह्या कब्जे घेतलेल्या खोल्यांत पेरले गेले. स्वॉर्थमोरमध्येही पुढे कृष्णवर्णीयांचे सांस्कृतिक केंद्र उघडले.

कैफियत लिहिली जाण्यास मात्र अर्धशतक लागले. २०१९ साली ‘सेव्हन सिस्टर्स अँड अ ब्रदर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्या सात स्त्रिया आणि एक पुरुष. सगळे त्या चळवळीतले. अमेरिकेत मुळात मुलींसाठी निघालेल्या सात प्रतिष्ठित महाविद्यालयांना ‘सात भगिनी’ म्हणतात. त्याच नावाने ह्या मैत्रिणींचा गट तेव्हा थट्टेने ओळखला जाई. वर्तमानपत्रांना जी तोंडे दिसली ती मुलग्यांची होती. पण आत जाण्याचा बेत आखणे, शिधा जमवणे, कामे वाटून देणे आणि धीर टिकवणे हा मुख्य कारभार ह्या मुलींनी केला होता, हे त्या पुस्तकाने उजेडात आणले. म्हणजे दप्तराने जसे त्यांना आकड्यांत झाकले, तसेच बातमीने त्यांना पुरुषांच्या मागे झाकले. सत्तरीच्या घरात आल्यावर त्यांनी स्वतःची हकीकत स्वतः लिहिली.

हा सारा वृत्तांत मराठी वाचकाला परका वाटू नये, ह्याला कारणे आहेत. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, म्हणजे बहुसंख्य गोऱ्यांच्या संस्थेतील विद्यार्थी असण्याचा अनुभव त्यांनीही घेतला. आणि १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला, ड्यू बॉइस ह्यांनीही आस्थेने उत्तर पाठवले. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. साम्य आहे, तसा भेदही आहे: वर्ण चेहऱ्यावर लिहिलेला असतो, जात कागदावर लिहावी लागते. आणि म्हणूनच आपल्याकडे कागदाचे महत्त्व अधिक.

ह्या संदर्भात एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या विद्यार्थिदशेत, नाव सांगण्याचे कारण नाही अशा एका महाविद्यालयात, पावसाळा ओसरू लागला की शिपाई शिष्यवृत्तीचा कागद घेऊन वर्गात येई. सर तो हाती घेत आणि अगदी सहज, कोणालाही दुखवण्याचा हेतू मनात नसताना, म्हणत, “बी.सी. विद्यार्थ्यांनी जरा उभे राहा.” बी.सी. म्हणजे मागासवर्गीय. चार-पाच जण उभे राहत. एके वर्षी माझ्याच बाकावरचा, माझ्या वहीतून टिपणे उतरून घेणारा आणि मला गणित समजावून देणारा मित्र उभा राहिला. सही करून तो खाली बसला, तास संपला. दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. मी उभे राहणाऱ्यांतला नव्हतो, बसून राहणाऱ्यांतला होतो. आणि तो बाक बदलून का गेला हे विचारायला मी शेवटच्या बाकापर्यंत कधी गेलो नाही. पुष्कळ वर्षांनी स्वॉर्थमोरच्या फळीवरचा तो अहवाल वाचनात आला, तेव्हा मला प्रथम आठवला तो त्या शिपायाच्या हातातला कागद.

हा इतिहास संपलेला आहे, अशा समजुतीत कोणी राहू नये. २०१५ साली मिसूरी विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ज्या नावाने चळवळ केली, त्या नावात १९५० हा आकडा होता, कारण त्या वर्षी तेथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला होता. फुटबॉलच्या संघाने मैदानात उतरण्यास नकार दिला आणि अध्यक्षांना पद सोडावे लागले. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वर्णाचा विचार करणे बेकायदा ठरवले. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, २०२४ साली, स्वॉर्थमोरसारख्याच नामांकित अशा ॲम्हर्स्ट महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. दार पुष्कळ कष्टाने उघडते आणि फारसा आवाज न करता लोटले जाते.

पुढील प्रकरणांत वाचकाला घोषणा भेटतील, ठराव भेटतील, कब्जे आणि करार भेटतील. त्यांतील काही योग्य वाटतील, काही वाटणार नाहीत, आणि तसा मतभेद ठेवण्याचा त्याचा हक्क अबाधित आहे. माझी विनंती एवढीच आहे की, प्रत्येक प्रकरणाशी थांबून त्याने त्यातला कागद शोधावा: तो कोणी लिहिला, कोणाविषयी लिहिला, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो वाचून पाहण्याची आणि त्यावर आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली होती काय. आणि हे पुस्तक मिटल्यावर, आपल्या गावच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकाशी जाऊन, तेथे ह्या वर्षी कोणती यादी कशा रीतीने लावली आहे, हेही त्याने एकदा पाहून यावे.